थांबलेल्या विमानाभोवतीचे धोके

विमानतळाच्या इमारतीसमोर काँक्रीटच्या ज्या विस्तीर्ण जागेवर विमाने उभी केली जातात तिला एप्रन म्हणतात. तिथे काम करणाऱ्यांच्या तोंडी ती ‘रॅम्प’ असते. एका विमानासाठी रंगाने आखून दिलेली जागा म्हणजे बे. विमान बेवर येऊन थांबते तेव्हापासून पुन्हा निघेपर्यंतच्या वेळात प्रवासी उतरतात, सामान निघते, केबिन झाडली जाते, इंधन, पाणी आणि जेवण चढते, शौचालयाच्या टाक्या रिकाम्या होतात, अभियंता विमानाभोवती फेरी मारून टायरपासून इंजिनाच्या पात्यांपर्यंत सगळे पाहतो, नवे सामान आणि नवे प्रवासी चढतात. कमी भाड्याच्या कंपन्या एअरबस ए-३२० सारख्या विमानासाठी हे सारे अर्ध्या तासाच्या आत उरकू पाहतात. त्या अर्ध्या तासात विमानाला आठ-दहा वाहने भिडलेली असतात आणि त्यांवरची माणसे वेगवेगळ्या मालकांची असतात: कोणी विमान कंपनीचा, कोणी ग्राउंड हँडलिंगच्या ठेकेदाराचा, कोणी तेल कंपनीचा, कोणी जेवण पुरवणाऱ्या कंपनीचा.

‘फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००३ मध्ये रॅम्पवरील अपघात रोखण्याचा कार्यक्रम हाती घेतला. जगभरात दर वर्षी रॅम्पवर सुमारे २७ हजार अपघात आणि घटना होतात, म्हणजे साधारण हजार उड्डाणांमागे एक, आणि त्यांत सुमारे २ लाख ४३ हजार माणसे जखमी होतात, असा तिचा अंदाज होता. हवेतल्या अपघातांच्या तुलनेत हे आकडे प्रचंड आहेत. तरी त्यांची बातमी क्वचितच होते, कारण या घटना विखुरलेल्या असतात: कुठे कोणाचा हात चिरडतो, कुठे पाय मोडतो, कुठे जीव जातो.

यांतला सर्वांत भयंकर धोका चालू जेट इंजिनाचा. इंजिनाच्या तोंडाशी फिरणारा पंखा हवा आत ओढतो आणि ही ओढ फक्त समोरून नसते. बाजूने आणि तोंडाच्या कडेच्या थोडे मागूनही हवा वळून आत जाते. बोइंग ७३७ च्या आकाराच्या विमानात इंजिन अगदी मंद गतीवर असले तरी तोंडापासून सुमारे तीन मीटरपर्यंतचा भाग जीवघेणा मानला जातो. शक्ती वाढवली की ही हद्द चार मीटरपलीकडे जाते. शिवाय ७३७ चे इंजिन जमिनीपासून जेमतेम अर्धा मीटर वर असते, त्यामुळे त्याचे तोंड माणसाच्या कमरेच्या आणि छातीच्या पातळीला येते. ओढ हळूहळू वाढत नाही. काही पावलांपर्यंत नुसता वारा जाणवतो आणि पुढच्या एका पावलात पाय जमिनीवरून सुटतात. कानांवर आवाजरोधक लावलेले असतात, शेजारच्या बेवर दुसरे विमान गुरगुरत असते. अशा वेळी आपल्या समोरचे इंजिन चालू आहे की बंद, हे कानांनी ओळखता येत नाही.

म्हणून ही खबर डोळ्यांना दिली जाते. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लाल उघडझाप करणारा दिवा असतो, त्याला बीकन म्हणतात. इंजिन सुरू करण्याआधी वैमानिक तो लावतो आणि इंजिनाची पाती मंदावल्यावरच बंद करतो. जगभरच्या रॅम्पवर पहिला नियम एकच आहे: इंजिने थांबली, बीकन विझला आणि चाकांना चॉक, म्हणजे अडणीचे ठोकळे, लागले, असे कळेपर्यंत कोणीही विमानाजवळ जायचे नाही. चॉक लावणाऱ्यानेदेखील इंजिनाच्या धोक्याच्या हद्दीबाहेरून, नाकाकडूनच जायचे.

नियम इतका सोपा आहे की तो मोडतो कसा, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर घडलेल्या अपघातांत आहे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात माँटगोमेरी विमानतळावर एम्ब्रेअर १७५ जातीचे विमान बेवर आले. या विमानाचे एपीयू, म्हणजे जमिनीवर असताना वीज पुरवणारे शेपटीतले छोटे इंजिन, बंद पडलेले होते. बाहेरून वीजजोडणी मिळेपर्यंत एक मुख्य इंजिन चालू ठेवणे वैमानिकाला भाग होते. जमिनीवरच्या चमूला ही गोष्ट ठाऊक होती. विमान येण्यापूर्वी त्यांना गोळा करून इंजिन चालू राहणार असल्याची सूचना एकदा नव्हे, दोनदा दिली गेली होती. बीकनही चालू होता. तरीही नेहमीच्या हालचाली नेहमीप्रमाणे सुरू झाल्या. पुढचा सामानकक्ष उघडल्याचा इशारा कॉकपिटमध्ये दिसला, तेव्हा सहवैमानिकाने खिडकी उघडून इंजिन चालू असल्याचे खाली सांगितलेसुद्धा. दरम्यान एक कर्मचारी महिला विमानाच्या मागच्या बाजूने पुढे चालत आली आणि डाव्या इंजिनात ओढली गेली. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने तिच्या कंपनीला १५,६२५ डॉलर दंड केला. एका जिवाच्या मानाने ही रक्कम लाजिरवाणी आहे.

सूचना दिली गेली होती, ऐकलीही गेली होती. पण अंगवळणी पडलेल्या हालचालींपुढे ती टिकली नाही. विमान थांबले की धावायचे, ही सवय रोजच्या कित्येक विमानांनी शरीरात मुरवलेली असते. त्यामुळे एपीयू बंद असलेल्या विमानासाठी नुसती तोंडी सूचना पुरत नाही. वीज जोडणारा माणूस सोडून बाकी सर्वांना आखलेल्या रेषेबाहेर प्रत्यक्ष थांबवून ठेवणे, हाच भरवशाचा उपाय आहे.

मुंबईत १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री झालेला अपघात विमान येताना नव्हे, निघताना झाला. हैदराबादला जाणारे एअर इंडियाचे ए-३१९ विमान ट्रॅक्टरने मागे ढकलून झाले होते, ट्रॅक्टर जोडणारा टो-बार सुटला होता. मागे ढकलताना विमानासोबत चालणारा तंत्रज्ञ हेडसेटच्या वायरने विमानाला जोडलेला असतो आणि त्याच वायरीवरून वैमानिकाशी बोलतो. काम संपल्यावर तो वायर काढतो, पुढच्या चाकात खुपसलेली लाल फीत बांधलेली पिन उपटतो आणि दूर जाऊन, वैमानिकाला दिसेल अशा जागी उभा राहून ती पिन उंच धरून दाखवतो. वैमानिकाने त्याला खूण केल्याशिवाय विमान हलवायचे नसते. हा रिवाज खुळचट वाटतो, पण त्यामागे कारण आहे: कॉकपिटमधून नाकाखालचा भाग दिसतच नाही. त्या रात्री ही शेवटची खूण होण्याआधीच विमान आपल्या शक्तीवर पुढे निघाले आणि जवळच उभा असलेला तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. त्याच्या हातात पिन होती की नव्हती, तो कुठे तोंड करून उभा होता, यावर नंतर बरीच चर्चा झाली. मूळ चूक त्याआधीची होती: खाली माणूस आहे की नाही हे न पाहता विमान हलले.

याच्या सुमारे दहा वर्षे आधी, १६ जानेवारी २००६ रोजी, टेक्सासमधील एल पासो येथे बेवर उभ्या असलेल्या बोइंग ७३७-५०० च्या उजव्या इंजिनातून तेल गळत असल्याचे दिसले. गळती शोधण्यासाठी आवरण उघडे ठेवून इंजिन चालवले गेले आणि शक्ती वाढवली गेली. इंजिनाच्या बाजूला उभा असलेला मेकॅनिक उठून पुढच्या दिशेने सरकला आणि आत ओढला गेला. प्रवासी विमानातच होते. इंजिनाची अशी चाचणी प्रवासी बेवर घ्यायची का, हा प्रश्न तेव्हापासून गांभीर्याने विचारला जाऊ लागला.

इंजिनाच्या मागचा झोत पुढच्या ओढीइतका प्राणघातक नसला तरी त्याची हद्द मोठी असते. मंद गतीवरही लहान जेटच्या मागे सुमारे तीस मीटरपर्यंत माणूस ढकलला जाऊ शकतो. उभ्या विमानाला हलवण्यासाठी वैमानिकाला क्षणभर जास्त शक्ती द्यावी लागते, आणि नेमक्या त्या क्षणी मागच्या बेवरचे रिकामे कंटेनर, शिड्या, चाकांना ब्रेक न लावलेल्या सामानाच्या डॉली उडू लागतात. अनेक विमानतळांवर विमान ठरलेल्या रेषेपर्यंत ट्रॅक्टरने ओढून नेल्यावरच इंजिनाला शक्ती देण्याची मुभा असते, ती यामुळेच.

कोल्हापूर, नाशिक, जळगाव अशा विमानतळांवर उतरणारी एटीआर ७२ विमाने पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची, आहेत आणि तिथे धोक्याची तऱ्हा निराळी. फिरते पंखे दिसत नाहीत. म्हणून पात्यांच्या टोकांना ठळक पट्टे रंगवतात, म्हणजे फिरताना निदान एक वर्तुळ भासावे. एटीआरची आणखी एक खासियत आहे. तिच्यात वेगळे एपीयू नसते. त्याऐवजी उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून पंखा जागच्या जागी थांबवतात आणि आतले इंजिन चालू ठेवून त्यापासून वीज व हवा घेतात. पंखा स्थिर, पण इंजिन जिवंत आणि त्यामागचा झोत गरम. म्हणून प्रवासी डाव्या बाजूने, मागच्या दारातून चढ-उतार करतात. हेच विमान शेपटीकडे जड झाले तर मागे कलंडू शकते, त्यामुळे उभे असताना शेपटीखाली एक आधाराची काठी लावतात. ती काढायची राहून विमान मागे ढकलले तर शेपटीचे नुकसान होते, म्हणून तिलाही लाल फीत असते.

मागे कलंडण्याचा प्रकार जेट विमानांतही होतो. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडाहोतील लुइस्टन येथे बोइंग ७३७-९०० आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एअरबस ए-३२१, दोन्ही बेवर उभी असताना नाक वर करून शेपटीवर बसली. पुढचे प्रवासी आणि पुढचे सामान आधी उतरले, मागचे वजन तसेच राहिले, एवढेच कारण. लांब विमानांत आधी मागचे सामानकक्ष रिकामे करायचे, हा लोडरांना शिकवला जाणारा धडा यासाठी आहे.

संख्येने पाहता सर्वाधिक नुकसान मात्र वाहनांच्या धक्क्याने होते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने, म्हणजे आयाटाने, २०२२ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार जमिनीवर विमानांना होणाऱ्या नुकसानीच्या एकूण खर्चापैकी सुमारे ४० टक्के खर्च बेल्ट लोडर, मालाचे लोडर, प्रवाशांच्या शिड्या आणि एरोब्रिज या चौघांमुळे होतो. परिस्थिती बदलली नाही तर २०३५ पर्यंत हा वार्षिक खर्च १० अब्ज डॉलरच्या आसपास जाईल, असा तिचा अंदाज आहे. या वाहनांचे कामच विमानाला चिकटून उभे राहण्याचे. चालकाला यंत्राचे पुढचे टोक सामानकक्षाच्या उंबऱ्याला जवळजवळ टेकवायचे असते, आणि तो बसलेला असतो काही मीटर मागे.

धक्का लागल्यावर काय होऊ शकते, हे अलास्का एअरलाइन्सच्या ५३६ क्रमांकाच्या उड्डाणाने दाखवले. २६ डिसेंबर २००५ रोजी सिएटलच्या बेवर सामानाचे वाहन या एमडी-८० विमानाला घासले. कोणी कोणाला सांगितले नाही. विमान बरबँककडे निघाले आणि सुमारे २६ हजार फुटांवर असताना, केबिनमधील हवेच्या दाबाने तो पोचा आलेला पत्रा फाटला. सुमारे एक फूट लांब आणि अर्धा फूट रुंद भोक पडले, केबिनचा दाब गेला, ऑक्सिजनचे मुखवटे खाली आले. वैमानिकांनी विमान झपाट्याने खाली आणले आणि सुखरूप परत सिएटलला उतरवले. वाहन चालवणाऱ्याने धक्क्याची कबुली दिली ती त्यानंतर.

एमडी-८० चे अंग ॲल्युमिनियमचे होते. ॲल्युमिनियमला मार लागला की पोचा दिसतो, आणि न सांगितलेला पोचाही पुढच्या फेरीत अभियंत्याच्या नजरेस पडण्याची शक्यता असते. बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० यांच्या सांगाड्यात वजनाने सुमारे निम्मा भाग कार्बन धाग्यांच्या संमिश्र पदार्थाचा आहे. हा पदार्थ वाकून परत मूळ आकारात येऊ शकतो. वाहनाच्या रबरी कडेचा बोथट धक्का बसला तर वरचा रंगही जात नाही. आतले थर मात्र एकमेकांपासून सुटलेले असू शकतात, आतल्या बरगड्या तडकलेल्या असू शकतात. अशा विमानाची खरी अवस्था ठाऊक असलेला एकच माणूस असतो: ज्याच्या हातून धक्का लागला तो. त्याने तोंड उघडले नाही, तर बाहेरून पाहणाऱ्या अनुभवी अभियंत्यालाही काही दिसत नाही. नव्या पिढीच्या विमानांमुळे रॅम्पवरच्या साध्या चालकाचा शब्द इतका मोलाचा झाला आहे, आणि ही गोष्ट पुरेशी ओळखली गेलेली नाही.

धक्के टाळण्यासाठीचे नियम साधे आहेत. वाहनाने विमानाजवळ येण्याआधी ठरलेल्या अंतरावर पूर्ण थांबून ब्रेक तपासायचा. मग चालण्याच्या वेगाने पुढे यायचे. मागे घेताना खाली उभ्या माणसाच्या खुणेशिवाय हलायचे नाही. पंखांची टोके आणि इंजिने यांच्याभोवती शंकू ठेवायचे आणि ते काढण्याआधी विमानाला एक फेरी मारून पाहायचे. विमानाच्या पंखाखालून रस्ता काढायचा नाही. डिसेंबर २०१५ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर एक प्रवासी बस उभ्या असलेल्या एटीआरवर जाऊन आदळली. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्लीत एक मोटार ए-३२० निओच्या नाकाखाली शिरली आणि पुढच्या चाकापासून थोडक्यात वाचली. दोन्ही वेळा विमान जागचे हललेलेही नव्हते.

एरोब्रिजचा धोका वेगळ्या जातीचा आहे. तो यंत्र असला तरी इमारतीचा भाग वाटतो, म्हणून त्याच्या चाकांखाली कोणी उभे राहू नये हे विसरले जाते. तो विमानाला लागल्यावरही स्थिर राहू शकत नाही. प्रवासी आणि सामान उतरले की विमान हलके होऊन वर उचलले जाते, इंधन भरले की खाली बसते. एरोब्रिजला हा चढ-उतार ओळखून आपोआप वर-खाली व्हावे लागते. ते झाले नाही तर उघडलेल्या दाराची खालची कड एरोब्रिजच्या जमिनीवर टेकते आणि दार बिजागरीतून उखडते. म्हणून दाराखाली एक छोटे संवेदक यंत्र ठेवतात, जे दाबले जाताच एरोब्रिजला खाली नेते.

उघड्या दाराशी माणसांचाही जीव धोक्यात येतो. मोठ्या विमानाच्या दाराचा उंबरा जमिनीपासून सुमारे पाच मीटर उंच असतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईत दिल्लीला निघालेल्या बोइंग ७७७ चे दार बंद करताना एक हवाई सेविका खाली काँक्रीटवर पडून गंभीर जखमी झाली. दार ओढून घेण्यासाठी बाहेर झुकावे लागते, आणि बाहेर शिडी नसेल तर झुकणाऱ्याला धरायला काहीच नसते. शिडी काढणाऱ्याने आतल्या माणसाला आधी सांगायचे आणि दार लागल्याशिवाय शिडी हलवायची नाही, हा क्रम पाळला तर असे अपघात होत नाहीत. जेवणाची गाडी, सफाईवाले आणि प्रवाशांची शिडी वेगवेगळ्या कंपन्यांची असली की हा क्रम सांभाळायचा कोणी, हेच नक्की नसते.

विमानाचे हलणारे भाग द्रवाच्या दाबावर चालतात. बहुतेक विमानांत हा दाब दर चौरस इंचाला ३ हजार पौंड असतो. बोइंग ७८७ आणि ए-३५० मध्ये ५ हजार. पंखांच्या पट्ट्या, चाकांची दारे, सामानकक्षाची झाकणे या दाबाने काही क्षणांत बंद होतात आणि मध्ये माणूस आला म्हणून थांबत नाहीत. जुलै २०१९ मध्ये कोलकात्यात बॉम्बार्डियर क्यू-४०० विमानाच्या मुख्य चाकाच्या पोकळीत काम करणारा एक तरुण तंत्रज्ञ दारे अचानक मिटल्याने अडकून मरण पावला.

चाकांच्याच बाबतीतली आणखी एक घटना लंडनच्या हीथ्रो विमानतळावरची आहे. १८ जून २०२१ रोजी ब्रिटिश एअरवेजचे ७८७-८ माल घेऊन फ्रँकफर्टला निघणार होते. एक बिघाड दुरुस्त झाला का, हे पाहण्यासाठी चाके वर घेण्याची कळ जमिनीवरच फिरवायची होती. तसे करण्याआधी चाके मिटू नयेत म्हणून प्रत्येक पायात कुलूपपिन घालतात. पुढच्या पायात पिन घालण्याची जागा उंचावर होती. मुख्य मेकॅनिकचा हात पोचत नव्हता, म्हणून त्याने खालून बोट दाखवले आणि शिडीवरच्या सहकाऱ्याने पिन घातली, पण शेजारच्या दुसऱ्याच भोकात. कळ फिरताच पुढचा पाय मिटला आणि विमान नाकावर कोसळले. माणसांचे किरकोळ दुखापतींवर निभावले, विमानाचे मोठे नुकसान झाले. या दोन भोकांत घोटाळा होतो हे आधीच लक्षात आले होते. चुकीचे भोक बुजवून टाकण्याचा आदेशही निघाला होता, फक्त त्याची मुदत अजून संपायची होती. माणसाला सावध राहा म्हणून सांगण्यापेक्षा भोक बुजवणे केव्हाही चांगले. हे काम मुदतीची वाट न पाहता करण्याजोगे होते.

नुकत्याच उतरलेल्या विमानाचे ब्रेक अतिशय तापलेले असू शकतात. टायर फुटू नये म्हणून चाकात ठराविक तापमानाला वितळणारी बुचे असतात; ती वितळली की हवा हळूच निघून जाते. तरीही तापलेल्या चाकाकडे पुढून किंवा मागूनच जायचे असते. चाक फुटले तर तुकडे बाजूंना उडतात.

आगीची भीती मुख्यतः इंधन भरताना. जेट ए-१ हे इंधन केरोसीनच्या जातीचे आहे आणि पेट्रोलच्या मानाने पुष्कळ सुरक्षित आहे. ३८ अंश सेल्सिअसच्या खाली त्याची वाफ ठिणगीने पेट घेण्याइतकी दाट होत नाही. परंतु नागपूरच्या मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या घरात असते आणि काँक्रीट त्याहून कितीतरी गरम. तिथे सांडलेल्या इंधनाला थंड देशातल्या पुस्तकातला नियम लावून चालत नाही. इंधन नळीतून वाहताना स्थिर वीज साठते, ती ठिणगी बनू नये म्हणून भरण्याआधी गाडी आणि विमान तारेने जोडतात. पंखाच्या टोकाकडील वाफ बाहेर पडण्याच्या छिद्रांभोवती वाहन किंवा चालू यंत्र नको, आणि इंधनाच्या गाडीला सरळ बाहेर पडायला रस्ता मोकळा हवा. बेवर गर्दी झाली की सर्वांत आधी हाच रस्ता अडतो.

५ सप्टेंबर २००१ रोजी डेन्व्हरला ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७७७ मध्ये इंधन भरले जात असताना नळी वाकड्या कोनात ओढली गेली, पंखाखालच्या जोडणीचे कडे तुटले आणि दाबाखालच्या इंधनाचा फवारा उडून पेटला. फवारा झालेले इंधन तापमानाची मर्यादा पाळत नाही; बारीक थेंब थंड हवेतही पेटतात. विमानातील सर्वजण बचावले. इंधन भरणारा कामगार काही दिवसांनी दगावला. त्याउलट २० ऑगस्ट २००७ रोजी जपानच्या नाहा विमानतळावर चायना एअरलाइन्सचे ७३७-८०० बेवर येऊन थांबताच पेटले, ते इंधन भरण्यामुळे नव्हे. पंखाच्या पुढच्या पट्टीतला एक बोल्ट दुरुस्तीच्या वेळी वॉशर निसटल्याने सुटला होता. पट्टी आत घेताना तो रेटला जाऊन इंधनाच्या टाकीला भोक पडले. विमान पूर्ण जळाले, पण १६५ जण काही मिनिटांत घसरगुंड्यांवरून बाहेर पडले. घसरगुंड्यांना खाली उतरायला जागा लागते. दाराखाली ट्रॉल्या आणि शिड्या अस्ताव्यस्त सोडलेल्या असत्या तर हे शक्य झाले नसते.

वाहनेही पेटतात. १० जानेवारी २०२२ रोजी मुंबईत जामनगरला निघालेल्या विमानाला मागे ढकलण्यासाठी आणलेल्या ट्रॅक्टरला विमानाशेजारीच आग लागली. ती लवकर विझवली गेली आणि कोणालाही इजा झाली नाही. जुनी वाहने रॅम्पवर वर्षानुवर्षे वापरली जातात. त्यांच्या तपासणीकडे विमानाच्या तपासणीइतके लक्ष दिले जात नाही.

विमान मागे ढकलताना वैमानिकाला पंखांची टोके किंवा शेपूट दिसत नाही. तो पूर्णपणे ट्रॅक्टरचालक आणि पंखांशेजारून चालणाऱ्या माणसांवर विसंबून असतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ए-३२० च्या आकाराच्या विमानाला बेवर शेजारच्या वस्तूपासून किमान ४.५ मीटर आणि मोठ्या विमानांना ७.५ मीटर मोकळी जागा लागते. ही जागा विमान मध्यरेषेवर असेल तरच मिळते. मार्च २०२२ मध्ये दिल्लीत मागे ढकलले जाणारे ७३७ विमान दिव्याच्या खांबावर आदळले. ५ जानेवारी २०१८ रोजी टोरोंटोत ट्रॅक्टरने ढकलले जाणारे रिकामे ७३७ प्रवाशांनी भरलेल्या दुसऱ्या ७३७ ला धडकले आणि आग लागली. प्रवाशांना आपत्कालीन दारांतून बाहेर काढावे लागले. पंखांशेजारी चालणारी दोन माणसे कमी करणे ही कंपन्यांना सोपी काटकसर वाटते. ती अतिशय महागडी काटकसर आहे.

पाऊस, वीज आणि आवाज हे वेगळे प्रकरण होण्याजोगे विषय आहेत. इथे एवढेच पुरे की विमान हे उघड्या मैदानावरचे धातूचे उंच शेपूट असते आणि हेडसेटच्या वायरने त्याला जोडलेल्या माणसापर्यंत वीज पोचू शकते. म्हणून वादळ जवळ आल्यावर अनेक विमानतळ एप्रनवरचे काम थांबवतात, आणि प्रवाशांनी त्या उशिराबद्दल तक्रार करू नये.

प्रवाशांचा संबंध येतो तो दूरच्या बेवर, जिथे एरोब्रिज नसतो आणि बसने किंवा पायी जावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या धुक्यामुळे गोव्याहून दिल्लीला निघालेले इंडिगोचे विमान मुंबईत उतरवावे लागले. तासन्‌तास रखडलेले प्रवासी विमानातून उतरले ते विमानाशेजारी एप्रनवरच बसून जेवू लागले. त्या चित्रफितीवर देशभर विनोद झाले. विमान सुरक्षा विभागाने मात्र इंडिगोला १ कोटी २० लाख रुपये दंड केला. आजूबाजूला वाहने आणि विमाने फिरत असताना शेकडो अनोळखी माणसे जमिनीवर बसलेली असणे, हे या प्रकरणात आलेल्या बहुतेक सर्व धोक्यांना एकदम आमंत्रण होते. पायी जाताना रंगवलेली वाट सोडायची नाही, छायाचित्रासाठी थांबायचे नाही आणि मुलांचा हात सोडायचा नाही, एवढे प्रवाशाच्या हातात आहे.

आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार ‘विमान अपघात’ हा उड्डाणाच्या हेतूने पहिला माणूस विमानात चढल्यापासून शेवटचा उतरेपर्यंतच्या काळातला असतो. रिकाम्या विमानाशेजारी चिरडलेला लोडर किंवा रात्री दुरुस्ती करताना दगावलेला तंत्रज्ञ या व्याख्येत बसत नाही. त्यांची नोंद कारखान्यातल्या दुर्घटनेसारखी होते, कधी पोलीस ठाण्यात, कधी कंपनीच्या फायलीत. आणि कोलकात्यातली चूक मुंबईच्या चमूला शिकवणारे कोणी उरत नाही. हवाई अपघातांचा तपास जितका खोल आणि खुला असतो, तितकाच रॅम्पवरच्या प्रत्येक मृत्यूचा असायला हवा.

त्याहून तातडीचा प्रश्न न सांगितलेल्या धक्क्यांचा आहे. रॅम्पवरचा बराच कामगारवर्ग ठेकेदाराकडे असतो, पगार कमी असतो, माणसे सारखी बदलतात, आणि धक्का लागल्याचे सांगणाऱ्याची नोकरी जाईल ही भीती खरी असते. चूक लपवणाऱ्याला कठोर शिक्षा आणि लगेच सांगणाऱ्याला पूर्ण संरक्षण, असा फरक ज्या कंपन्या स्पष्टपणे करतात तिथे धक्के वेळेवर कळतात. धक्का लागला असे म्हणून उड्डाण थांबवण्याचा अधिकार सर्वांत नव्या लोडरलाही असला पाहिजे, आणि तो वापरल्याबद्दल त्याच्या पगारातून एक रुपयाही कापला जाता कामा नये.